भुलेश्वरचं पूजा साहित्याचं दुकान – पितळ मस्त, स्टिकर बघून घ्या

उंबरठ्यासाठी पितळी स्वस्तिक हवं होतं म्हणून भुलेश्वरला गेलो, गर्दी नेहमीसारखीच. पितळेचं काम एक नंबर, जाड पत्रा, चारही घरांत टिंब नीट उठलेली, भावही दादरपेक्षा बरा. पण स्टिकरच्या गठ्ठ्यात लाल पट्टी, त्यात पांढरा गोल आणि मधे काळं तिरकं स्वस्तिक! मालकांना म्हटलं काका हे हिटलरचं आहे, तर म्हणे आपलं सरळ असतं, त्याचं उलटं. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फिरतं, पण त्याच्या चिन्हाचे हातही आपल्यासारखेच उजवीकडे वळलेले, फक्त बहुतेक वेळा ४५ अंशात तिरकं केलेलं.

स्वस्तिक आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सापडतं, जैनांच्या सुपार्श्वनाथ तीर्थंकरांचं लांछन म्हणजे ओळखचिन्ह आहे, बौद्धांकडेही आहे. १८७० च्या दशकात श्लीमन या जर्मन संशोधकाला ट्रॉय या प्राचीन शहराच्या खोदकामात हेच चिन्ह सापडलं आणि जर्मनीतल्या वंशवाद्यांनी ते थेट 'आर्य' म्हणून स्वतःचं करून टाकलं, जणू आपल्याला कोणी विचारायचंच नाही. १९२० मध्ये हिटलरच्या नाझी पक्षाच्या झेंड्यावर गेलं, १९३५ मध्ये तर तोच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज, आणि त्याच झेंड्याखाली साठ लाख ज्यू मारले. आजही जर्मनीत ते असं जाहीर मिरवणं गुन्हा आहे, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांना ते स्टिकर पाठवू नका.

काकांनी गठ्ठा आत ठेवला, बाहेर परत येईल असं वाटतंय. पितळेला पाच स्टार, स्टिकरला शून्य. जीपे चालतं.