स्पीड वाढवून देतो म्हणून २,२०० रुपये घेतले, वाढला फक्त आकडा

परवा भाच्याच्या मोबाईलवर कुठलंसं 'नेट बूस्टर' ॲप बघितलं, चक्क पैसे भरून घेतलेलं, आणि मला २००१ सालची दिवाळी आठवली. माझी तेव्हा अशीच फसवणूक झाली होती, तुमची होऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

मिरजेत माझं डीटीपीचं काम होतं. घरच्याच फोनवर डायलअप, म्हणजे फोन लावूनच नेट जोडायचं, आणि ते जोडणारा डबा, मोडेम, ३३.६ चा, म्हणजे ३३,६०० च्या वेगाचा. चिर्रर्र खर्रर्र करून लाईन लागली की खाली घड्याळाशेजारी दोन छोटे कॉम्प्युटर दिसायचे, त्यावर माऊस नेला की आकडा यायचा ३१,२००. एका दिवाळी अंकाचं कव्हर पुण्याला प्रेसमध्ये पाठवायचं होतं, झिप करून, म्हणजे दाबून लहान करूनसुद्धा १८ एमबी. ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला तो म्हणाला, "दादा, बूस्टर टाकून देतो, ११५ चा स्पीड मिळेल, बावीस मिनिटांत फाईल पुण्यात." सीडी घातली, अर्धा तास काहीबाही केलं, मोडेम तोच, वायर तीच, आणि परत लाईन जोडली तर तिथे खरंच १,१५,२००! वर एक मोठी टेक्स्ट फाईल उतरवून दाखवली, तीही भराभर आली. मी लगेच पैसे मोजले.

त्या रात्री नऊला फाईल चढवायला लावली. बावीस मिनिटं झाली, चाळीस झाली, निम्मी पण गेली नव्हती आणि तेवढ्यात लाईन तुटली. परत पहिल्यापासून. असं तीनदा झालं, फोनचं मीटर पळतंय, मी मोडेमच्या लाल दिव्याकडे बघत बसलोय. शेवटी पहाटे एका ओळखीच्यांकडे जाऊन सीडी लिहून घेतली आणि पुण्याला निघालेल्या माणसाच्या हातात दिली. अंकाला उशीर झाला तो झालाच, त्या संपादकांचा आवाज अजून कानात आहे.

नंतर मेव्हण्यांनी, ते इलेक्ट्रॉनिक्सवाले, कंट्रोल पॅनल उघडून दाखवलं. माझ्या मोडेमचा ड्रायव्हर, म्हणजे मोडेम कॉम्प्युटरला ओळखता यावा म्हणून असलेला प्रोग्रॅम, काढून तिथे 'स्टँडर्ड मोडेम' टाकला होता, बाकी काही नाही. १,१५,२०० हा कॉम्प्युटर ते मोडेम एवढ्या हातभर वायरीचा वेग, फोनच्या लाईनचा नाहीच. मूळ ड्रायव्हर परत टाकला आणि आकडा आला ३१,२००. टेक्स्ट फाईल भराभर आली कारण मोडेम स्वतःच ती दाबून लहान करतो, आधीपासून करत होता, झिप मात्र आधीच दाबलेली, ती आणखी दबत नाही.

फोनची लाईन माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच त्यातून जातं, त्यामुळे मोडेम ते मोडेम ३३.६ च्या वर जात नाही. ५६ के (५६,०००) जे म्हणायचे ते फक्त उतरवताना आणि तेही समोरची बाजू डिजिटल असेल तर, त्या ५६ के वाल्या व्ही.९० मोडेमवरून चढवताना पुन्हा ३३.६ च. आणि हे सगळे आकडे बिटचे, बाईटचे नाहीत, आठ बिटचा एक बाईट, आणि फाईल मोजतात बाईटमध्ये! ३१,२०० ला आठने भागा, सेकंदाला चार केबीसुद्धा नाही, प्रत्यक्षात साडेतीनच्या आत. म्हणजे एक एमबीला पाच मिनिटं, अठरा एमबीला दीड तास, लाईन न तुटता. हा भागाकार मी पैसे देण्याआधी केला असता तर सगळं तिथेच कळलं असतं.

म्हणून सांगतो, कोणी स्पीड विकायला आला की स्क्रीनवरचा आकडा बघू नका. एक झिप फाईल त्याच्यासमोर पाठवा, घड्याळ लावा, मग पैसे. आजचं ब्रॉडबँडही तसंच, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, शंभर नाही.

मी दुकानात पैसे मागायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, ११५ दिसेल म्हणालो होतो, दिसलं ना?" माझ्याकडे पावती पण नव्हती.