मातृवंदनाचे पैसे मिळतात, पण आधी बँकेत जाऊन या

कळव्याला राहतो आम्ही, मिस्टर रिक्षा चालवतात, पहिलंच बाळ, आता आठ महिन्यांचा झालाय. गरोदर बायकांना सरकार पैसे देतं त्या मातृवंदना योजनेचा फॉर्म भरायचा होता, तर शेजारच्या काकू म्हणालेल्या पाच हजारासाठी कशाला हेलपाटे घालतेस. हेलपाटे झाले खरे पण पैसे आले, म्हणून माझ्याकडून साडेतीन स्टार.

पहिल्या बाळाला ५००० मिळतात, ३००० गरोदरपणात नाव नोंदवून तपासणी झाली की आणि २००० बाळ झाल्यावर. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच, ६००० एकदम. आधार, माता-बाल कार्ड आणि ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं) लागलं, उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ आली नाही. फॉर्म अंगणवाडीच्या ताईंनीच ऑनलाईन भरून दिला.

मग खरी गंमत. तीन महिने पासबुक कोरं. ताई सांगतात पैसे पडलेत, बँकेतला माणूस म्हणतो मॅडम काहीच आलं नाही, मी मोठं पोट घेऊन या दोघांच्यात फेऱ्या मारतेय. शेवटी कळलं की हे पैसे आधार ज्या खात्याला लिंक असतं तिकडेच जातात, आणि माझं आधार अडकलेलं कॉलेजला असताना स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या खात्याला, तेही माहेरी संगमनेरला! भावाने जाऊन एंट्री मारून आणली तर ३००० तिथे आरामात बसलेले. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी बँकेत एवढंच विचारा की डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होणं, कुठल्या खात्याला चालू आहे. आधार इथल्या खात्याला जोडून घेतलं, मग दुसरा हप्ता बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या पेंटा लसीचा डोस झाल्यावर बरोब्बर इथल्या खात्यात आला.

अंगणवाडीचं पोषण आहाराचं पाकीट पण मिळतं, आईला आणि सहा महिन्यांनंतर बाळाला. खिचडी नुसती शिजवली तर घशाखाली उतरत नाही, लसणाची फोडणी आणि थोडी भाजी घातली की चालते. दीड स्टार कापला तो चेहऱ्याच्या फोटोसाठी. माझं सिझर झालेलं, टाके ओले, सासूबाई पाकीट आणायला गेल्या तर रिकाम्या हाताने परत, म्हणे बाईचाच फोटो लागतो ॲपमध्ये. ताईंचा दोष नाही हो, त्या बिचाऱ्या स्वतः घरी येऊन फोटो काढून गेल्या, नेटवर्क नव्हतं म्हणून आमच्या चाळीच्या जिन्यात बसवलं मला.

बाळ खिचडी थुंकतो पण गोडाच्या पाकिटात तूप घालून दिलं की वाटी चाटतो.