"जंतू मरतायत" म्हणून आईला सहा डबे विकले

आईचं दोन वर्षांपासून जेवलं की पोट टम्म व्हायचं, ढेकर, मधूनच जुलाब. लातूरला एक 'गट हेल्थ कोच', म्हणजे पोटाच्या आरोग्याचा सल्ला देणारे, आहेत असं नात्यातल्यानंच सांगितलं म्हणून गेलो. पोटाला हात नाही, तपासणी नाही, सरळ म्हणाले सिबो आहे, लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढलेत. पावडरचे सहा डबे, १८,००० रुपये, बिल नंतर देतो म्हणे ते आजवर आलं नाही. भाकरी, वरण, दूध सगळं बंद, नुसतं भाजीचं पाणी अन् पावडर.

आठवड्यातच पोट आणखी फुगायला लागलं. फोन केला तर, "ताई, चांगलं लक्षण आहे, जंतू मरतायत, डोस वाढवा." आणि आम्ही वाढवला हो! आई रात्री दोन-दोनला उठून साडीची गाठ सैल करून अंगणात फेऱ्या मारायची. तीन महिन्यांत वजन ५४ वरून ४६, तळपायाला मुंग्या.

शेवटी संभाजीनगरला पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं. उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजून थोड्या थोड्या वेळानं पिशवीत फुंकायला लावलं, श्वासातला हायड्रोजन मोजला. सिबो खरंच निघाला, बी-१२ पण लई कमी. आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, त्यानं आतड्याची हालचाल मंदावते अन् बॅक्टेरिया साचतात, हे कोचनं विचारलंसुद्धा नव्हतं.

डबा दाखवला तर डॉक्टरांनी मागच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं, इन्युलिन. कांदा-लसूण-गव्हात असतं त्याच जातीचं, आपल्याला ते पचत नाही, बॅक्टेरिया त्याच्यावरच जगतात अन् गॅस करतात. म्हणजे ज्याचा त्रास तेच मी आईला रोज दोन चमचे पाजत होते.

मग १४ दिवस रिफॅक्सिमिन हे आतड्यातल्या बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक, बी-१२ ची इंजेक्शनं. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध काही आठवडेच बंद, मग एकेक करून परत सुरू. ज्वारीची भाकरी तर चालतेच, ती तोडायची गरजच नव्हती! लसणाचा वास हवा तर पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही.

डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबरही (सरकारी अन्न परवान्याचा) नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय. असे डबे कुणी घेतले असतील तर रिकामे झाले तरी फेकू नका, युपीआयचा स्क्रीनशॉट अन् कॉल रेकॉर्डिंगही ठेवा, मी रेकॉर्डिंग डिलीट केली अन् आता तक्रारीसाठी तीच मागतायत.