नाडकचेरीत वारसा : पाचपैकी तीन तारे

वडिलांच्या मागे साडेतीन एकरांचा वारसा करायला घेतला, त्याला सात महिने झाले. नाडकचेरी म्हणजे आमच्या कर्नाटकातली तालुक्याखालची महसूल कचेरी. कुठली ते सांगत नाही, सोमवार सोडून परत तिथंच जायचंय.

आधी चांगलं. उतारा पाच मिनिटांत हातात पडला. वडिलांच्या वेळी तलाठ्याच्या घरी जायचं, तलाठी शेतावर, आणि दप्तर कपाटात कुलूपबंद. राज्यात असे नऊ हजारांच्या आसपास तलाठी. त्यांच्या बोचक्यांतले दोनेक कोटी उतारे 'भूमी'नं, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या संगणक योजनेनं, संगणकावर चढवले. आता फेरफारही आलेल्या क्रमानंच निघतो, आणि अंगठा लावल्याशिवाय कारकुनालाही त्या संगणकात शिरता येत नाही. मी एकतीस वर्षं बस डेपोत ड्युट्या लावल्या. चाळीस कंडक्टर सांभाळताना घाम फुटायचा, त्यामुळे हे काम केवढं ते कळतं.

घोडं अडलं ते एका अक्षरावर. कन्नडात चढवताना वडिलांचा 'बाळाप्पा' झाला 'बालाप्पा'. आधारवर ळ, मृत्यू दाखल्यावर ळ, उताऱ्यावर ल. तलाठी म्हणाला, "काका, ते माझ्या हातात नाही, तहसीलदारांकडं जावा." तिथं म्हणाले, मूळ फेरफार आणा. तो १९४८ चा, मुंबई इलाख्यातला, मोडी लिपीत. नक्कल मिळाली, पण कचेरीत वाचणार कोण? शेवटी एका निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतला. ळ स्वच्छ आहे.

दरम्यान 'सकाल'ची, म्हणजे ठरल्या दिवसांत काम करून देण्याच्या सरकारी कायद्याची, मुदत भरत आली, आणि माझा अर्ज 'कागद अपुरे' म्हणून निकाली निघाला. नवा अर्ज, नवी पावती, नवी मुदत. वर बेंगळुरूला मात्र एक अर्ज वेळेत निकाली दिसला असणार. मला राग आला, पण हसूही आलं. डेपोत आम्हीसुद्धा रद्द झालेली फेरी 'उशिरा सुटली' अशीच लिहायचो, वरचे साहेब खूश.

तलाठ्याला दोष देववत नाही. त्याच्याकडं चार गावं, त्यात पावसात पडलेल्या घरांचे पंचनामे, त्यात मतदार यादी. माझा अर्ज बघताना दोन्ही फोन वाजत होते. एक तारा खास त्याचा.

जाणार असाल तर मृत्यू दाखल्याच्या चार झेरॉक्स घरूनच न्या. पावतीचा नंबर वहीत लिहून ठेवा, कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते. आणि सोमवारी जाऊ नका, तलाठी तालुक्याला मीटिंगला असतात.