एका एन्कोडरवर दोन खेळाडू: आर्केड किट घेताना झालेली फसवणूक

दोन खेळाडूंसाठीचे आर्केड किट म्हणून मला जो बंद काळा डबा विकण्यात आला, त्यात प्रत्यक्षात एकाच खेळाडूचा एन्कोडर, म्हणजे बटणे संगणकाला जोडणारे सर्किट, होता आणि दुसऱ्या खेळाडूच्या सगळ्या तारा त्याच पिनांवर समांतर सोल्डर केलेल्या होत्या. हे उघड व्हायला सात आठवडे लागले. त्या काळात विक्रेता मला सातत्याने एकच सांगत राहिला, की माल उत्तम आहे आणि चूक माझ्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या जुळणीत, आहे. घरी आर्केड यंत्र बांधणाऱ्या कोणाचीही अशीच फसगत होऊ शकते, म्हणून सगळा प्रकार तांत्रिक तपशिलांसह लिहीत आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या गावी बसस्थानकाजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होते. कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ हा खेळ, ज्याला आपल्याकडची सगळी मुले ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखत, तो मी आणि माझा धाकटा भाऊ तिथे शेजारी शेजारी उभे राहून खेळत असू. जॉयस्टिकला तेव्हा आम्ही हँडल म्हणायचो. पुण्यातल्या घरी तसेच उभे यंत्र बांधायचे आणि दिवाळीला भाऊ येईल तेव्हा पुन्हा एकत्र खेळायचे, असे मी ठरवले होते. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा सांगाडा करून घेतला, जुना मॉनिटर बसवला, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेट्रोपाय हे जुने खेळ चालवणारे सॉफ्टवेअर टाकले. आता फक्त दोन हँडल, बटणे आणि ती संगणकाला जोडणारा एन्कोडर एवढेच हवे होते.

एन्कोडर म्हणजे बटणांचे आणि हँडलचे स्विच वाचून त्यांची माहिती यूएसबीवरून संगणकाला देणारे छोटे सर्किट. स्वस्तातला सर्वांत प्रचलित प्रकार ‘झिरो डिले’ या नावाने विकला जातो आणि तो एका खेळाडूपुरता असतो, त्यामुळे दोघांसाठी असे दोन बोर्ड आणि दोन यूएसबी केबल लागतात. दुसरा प्रकार एकाच बोर्डावर दोन खेळाडूंच्या तारा घेणारा, एकाच केबलचा. मला विकण्यात आलेले किट या दुसऱ्या प्रकारचे असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. ‘टू प्लेअर, सिंगल यूएसबी, प्लग अँड प्ले’ असे त्याचे शब्द होते. किंमत ६,८०० रुपये, पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ. त्याने पाठवलेल्या चित्रफितीत आधी डावे हँडल हलवून दाखवले होते आणि नंतर उजवे, पण दोन्ही हँडल एकाच वेळी विरुद्ध दिशांना हलवलेली एकदाही दिसत नव्हती. हे त्या वेळी मला खटकायला हवे होते.

गणपतीनंतर किट आले. एन्कोडर उघड्या बोर्डाच्या रूपात नव्हता. तो एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद होता, झाकण चिकटवलेले होते आणि त्यातून तारांचे दोन जुडगे बाहेर आले होते, एकावर ‘पी १’ आणि दुसऱ्यावर ‘पी २’ अशी चिठ्ठी. ‘धूळ जाऊ नये म्हणून सील केले आहे, उघडले तर वॉरंटी जाईल’ असे सोबतच्या कागदावर छापले होते.

जोडणी करून यंत्र सुरू केले, तेव्हा पडद्यावर एकच गेमपॅड सापडल्याची सूचना आली. ते कॉन्फिगर केल्यावर पहिल्या खेळाडूची सगळी बटणे व्यवस्थित चालली. दुसऱ्या बाजूचे हँडल हलवले की मात्र पहिलाच खेळाडू हलत होता.

मी विक्रेत्याला कळवले. त्याचे उत्तर तत्काळ आले आणि ते अतिशय पटण्यासारखे होते, कारण त्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्या एखाद्या बोर्डाच्या बाबतीत खरा आहे. झिन-मो या नावाने ओळखला जाणारा दोन खेळाडूंचा एक बोर्ड आहे, जो लिनक्सवर, म्हणजे रेट्रोपाय ज्या कार्यप्रणालीवर चालते तिच्यावर, कित्येकदा दोनऐवजी एकच जॉयस्टिक म्हणून दिसतो. त्यावरचा उपाय प्रसिद्ध आहे: बूट विभागातल्या सीएमडीलाइन या मजकूर फाइलमध्ये, आधीच्याच ओळीच्या शेवटी, नवी ओळ न करता, यूएसबी-एचआयडी क्वर्क्सची, म्हणजे एखाद्या उपकरणाला वेगळ्या पद्धतीने हाताळण्याच्या सूचनेची, एक नोंद घालायची. त्यात बोर्डाचा ओळख क्रमांक १६सी०:०५ई१ आणि ४० ही किंमत असते, आणि ती नोंद लागू झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या एकाच उपकरणाचे दोन स्वतंत्र जॉयस्टिक करतो. विक्रेत्याने मला तीच ओळ पाठवली. मी ती घातली, यंत्र पुन्हा सुरू केले, काही बदल झाला नाही. मग त्याने ‘ओळ चुकीच्या जागी पडली असेल’ असे सांगितले, नंतर ‘रेट्रोपाय नव्याने टाका’ असे सांगितले, आणि मी एका मागोमाग एक सहा संध्याकाळी तेच करत राहिलो.

या छंदात कॉन्फिगरेशन खरोखरच किचकट असते, आणि फसवणूक नेमकी त्याच आडोशाला लपते. दोन एकसारखे एन्कोडर जोडले तर दोघांचे नाव एकच दिसते, त्यामुळे रेट्रोआर्क, म्हणजे रेट्रोपायमधला खेळ चालवणारा कार्यक्रम, दोघांसाठी बटणांच्या नेमणुकीची एकच फाइल वापरतो, आणि एका बोर्डावर बटणांच्या तारा वेगळ्या क्रमाने लावल्या असतील तर त्याच खेळाडूची बटणे उलटसुलट होतात. कधी यंत्र बंद करून सुरू केले की पहिला खेळाडू दुसरा होतो, कारण उपकरणे ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने त्यांना क्रमांक मिळतात. मेम या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पुन्हा खेळानुसार स्वतंत्र नेमणूक करता येते आणि ती बाकीच्यांवर मात करते. हे सगळे खरे अडथळे आहेत. त्यांच्याविषयी वाचलेल्या माणसाला ‘तुमचे कॉन्फिगरेशन चुकले आहे’ असे कोणी सांगितले, तर तो ते मान्य करतो. मीही केले.

दिवाळीच्या आठवडाभर आधी विक्रेत्याने शेवटचा उपाय सुचवला: त्याच्याकडचे ‘टू प्लेअर रेडी’ मेमरी कार्ड, १२८ जीबी, सगळे खेळ भरलेले, किंमत २,२०० रुपये. मी ते घेतले. इथे माझा दोष मी स्पष्टपणे मांडतो. रेट्रोपाय विनामूल्य दिले जाते आणि ते भरलेली कार्डे विकण्याला त्याच्या निर्मात्यांचा उघड विरोध आहे. त्यातले काही एम्युलेटर, उदाहरणार्थ एफबी निओ, अव्यावसायिक वापराच्या परवान्यावर आहेत, आणि कार्डावर भरलेल्या खेळांचे हक्क तर कंपन्यांचे असतात. असे कार्ड मी विकत घ्यायला नको होते.

ते कार्ड घालून यंत्र सुरू केले आणि पडद्यावर दोन्ही खेळाडू हलले. क्षणभर वाटले, काम झाले. मग लक्षात आले की कोणतेही हँडल हलवले तरी दोघेही एकाच दिशेने, एकाच वेळी चालत आहेत आणि एक बटण दाबले की दोघेही एकदम ठोसा मारत आहेत. कळवल्यावर विक्रेत्याने लिहिले, ‘बघा सर, सेकंड प्लेअर आला ना, आता फक्त थोडे ट्यूनिंग करा.’

दिवाळीला भाऊ आला तेव्हा आम्ही आळीपाळीने खेळलो. एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने शेजारी उभे राहून बघायचे. मला त्याचे जितके वाईट वाटले तितके पैशांचे वाटले नाही.

भाऊ परत गेल्यावर मी अंदाज बांधणे थांबवले आणि मोजमाप सुरू केले. ते पहिल्याच दिवशी केले असते तर अर्ध्या तासात निकाल लागला असता.

आधी लिनक्सची एलएसयूएसबी ही आज्ञा चालवली, जी जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणाचा ओळख क्रमांक दाखवते. माझ्या डब्याचा क्रमांक ००७९:०००६ निघाला, म्हणजे ड्रॅगनराइज, एका खेळाडूच्या झिरो डिले बोर्डांवर सर्रास आढळणारी चिप. विक्रेत्याने पाठवलेली ओळ १६सी०:०५ई१ या क्रमांकासाठी होती, त्यामुळे माझ्या उपकरणावर तिचा परिणाम होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग जेएसटेस्ट चालवले. हा साधा कार्यक्रम कोणते बटण दाबले गेले ते क्रमांकानिशी दाखवतो, आणि तो एम्युलेटरच्या फायलींकडे बघतच नाही, म्हणून तिथे जे दिसते त्याचा दोष रेट्रोआर्कच्या कॉन्फिगरेशनवर ढकलता येत नाही. पहिल्या खेळाडूचे पहिले बटण दाबले, ० क्रमांक ‘ऑन’ झाला. दुसऱ्या खेळाडूचे पहिले बटण दाबले, पुन्हा ० क्रमांकच ‘ऑन’ झाला. मग पहिले बटण दाबून धरले आणि दुसरे दाबले, तर पडद्यावर काहीच बदलले नाही. सगळ्या बटणांची अशी जोडी तपासली आणि प्रत्येक जोडी एकाच क्रमांकावर आली. दोन बटणे संगणकापर्यंत एकच बटण म्हणून पोहोचत असतील, तर पुढे कोणतीही फाइल बदलून ती वेगळी करता येत नाहीत.

शेवटची खात्री मल्टिमीटरने केली. यूएसबी केबल काढून ठेवली, मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, लावला आणि ‘पी १’च्या पहिल्या बटणाची सिग्नलची तार व ‘पी २’च्या पहिल्या बटणाची सिग्नलची तार यांना टोके लावली. मीटर वाजला. येथे एक काळजी घ्यावी लागते: ग्राउंडची, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची, तार चांगल्या बोर्डातही दोन्ही खेळाडूंची सामाईक असू शकते, त्यामुळे ग्राउंड ते ग्राउंड मीटर वाजला म्हणून फसवणूक सिद्ध होत नाही. सिग्नलच्या तारा मात्र एकमेकींना कधीही जोडलेल्या नसाव्यात.

त्यानंतर सलग चित्रीकरण सुरू ठेवून झाकण उघडले. आत एकच झिरो डिले बोर्ड होता, प्रत्येक पिनवर दोन दोन तारा सोल्डर केलेल्या आणि वरून ग्लू गनचा जाड थर. मग त्या कार्डातली रेट्रोआर्कची मुख्य फाइल उघडली, तर पहिल्या खेळाडूसाठी जॉयस्टिक क्रमांक ० आणि दुसऱ्यासाठीही क्रमांक ० अशी हाताने केलेली नोंद सापडली. माझ्या मनात तोवर कुठेतरी शंका होती, की कदाचित त्या माणसालाही पुरवठादाराने फसवले असेल. या एका नोंदीने ती शंका संपली. आत एकच बोर्ड आहे हे माहीत असल्याशिवाय दुसरा खेळाडू त्याच बोर्डावर नेमून ‘हलताना’ दाखवायचे कोणाला सुचणार नाही. कार्डही मी त्याची खरी साठवण मोजणाऱ्या एफ-३ या साधनाने तपासले. १२८ जीबी छापलेल्या त्या कार्डात प्रत्यक्षात १६ जीबीदेखील जागा नव्हती, आणि यादीतले बहुतेक खेळ त्यामुळेच उघडत नव्हते.

चित्रीकरण पाठवल्यावर विक्रेत्याने उत्तर दिले, ‘सील तोडले, वॉरंटी संपली.’ त्यानंतर त्याने माझा क्रमांक बंद केला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तिथे लगेच कळवले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. सात आठवड्यांनंतर ती शक्यता उरलेली नव्हती. ‘कॉन्फिगरेशन करून बघा’ या प्रत्येक उत्तराने विक्रेत्याने प्रत्यक्षात हा वेळच मिळवला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद केली. पार्सलवरचा पत्ता कुरिअरच्या वाटप केंद्राचा निघाल्याने रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस परत आली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून पुण्यातच तक्रार दाखल करत आहे. ज्या खात्यात यूपीआयने पैसे गेले त्या खातेदाराचे नाव, संभाषणाच्या प्रती आणि झाकण उघडतानाचे चित्रीकरण हा माझा पुरावा आहे. डबा आणि कार्ड पाकिटात सीलबंद ठेवले आहेत.

आता यंत्रावर दोन स्वतंत्र झिरो डिले बोर्ड आहेत, दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलेले, दोन्ही मिळून १,५०० रुपयांच्या आत. ते उघडे बोर्ड आहेत, प्रत्येक पिन डोळ्यांना दिसतो. जोडल्यावर पडद्यावर दोन गेमपॅडची सूचना आली आणि जेएसटेस्टमध्ये दोन वेगळी उपकरणे दिसली. दोन्ही बोर्डांवर तारा त्याच क्रमाने लावल्या, त्यामुळे एकच फाइल दोघांना पुरली. पहिल्यांदा खेळाडूंची अदलाबदल झाली होती. केबल एकमेकींच्या पोर्टमध्ये बदलून लावल्या आणि पोर्टवर रंगीत चिकटपट्टीची खूण केली, तेव्हापासून क्रम कायम आहे. या सगळ्याला एक संध्याकाळ लागली. भावाला तिकीट काढायला सांगितले आहे.