महिन्याला पाचशे रुपये: सबस्क्रिप्शन घ्यावं की अल्बम विकत घ्यावा?

सोलापुरात राहून नवं स्वतंत्र संगीत शोधायचं आणि पाचशेच्या वर जायचं नाही, तर मार्ग तीन: स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन, बँडकॅम्प या कलाकारांचे अल्बम विकणाऱ्या साइटवरची खरेदी, नाहीतर पुण्यात कार्यक्रमाला जाऊन कलाकाराकडूनच सीडी घेणं. तिसरा दर महिन्याला परवडत नाही. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळीच पुणे सोडते. रात्रीचा कार्यक्रम ऐकायचा तर मुक्काम आला. त्यासाठी वेगळे पैसे साठवा आणि वर्षातून एकदा जरूर जा.

सबस्क्रिप्शन शे-दोनशेत मिळतं आणि ऐकायला अमाप असतं. पण सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होऊन एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे तुमच्या आवडत्या छोट्या कलाकारापर्यंत फार थोडे पोचतात. स्पॉटिफायवर तर 2024 पासून, वर्षभरात 1000 वेळाही न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचं मानधनच नाही. शिवाय बरेच स्वतंत्र कलाकार, गाणी ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाला वार्षिक फी देऊन ती चढवतात. फी थकली की गाणं एक दिवस प्लेलिस्टमधून गायब होतं.

बँडकॅम्पवर पाच डॉलरचा अल्बम घेतला तर सगळी कपात जाऊन चारेक डॉलर कलाकाराला मिळतात, आणि फाईल आपल्याकडे राहते. डॉलर नव्वदचा धरला तर साडेचारशे रुपये. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के अधिक जीएसटी, म्हणजे आणखी अठरा-एकोणीस रुपये. एका अल्बमवर महिना संपतो, हे खरं. म्हणूनच आधी ऐकून, मग घ्यायचं.

पहिला अडथळा पैसे भरतानाच येतो. बँडकॅम्पवर यूपीआय चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 16 मार्च 2020 पासून नवी कार्डं परदेशी व्यवहार बंद ठेवूनच येतात, त्यामुळे खात्यात पैसे असूनही व्यवहार फेटाळला जातो. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंगमधून परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा हजारावर ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद.

दुसरा अडथळा फाईलचा. बँडकॅम्पच्या ॲपमध्ये गाणी वाजतात, पण फाईल उतरवायला ब्राउझरच लागतो. पावतीच्या ईमेलमधली लिंक उघडा, फॉरमॅट निवडा, झिप उतरवून फोनवर मोकळी करा. चाळीस मिनिटांचा अल्बम 320 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये शंभर एमबीच्या आत बसतो. फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारा फॉरमॅट, त्याच्या अडीचपट तरी. फोनवर एमपी3 पुरे, फ्लॅक घरच्या हार्ड डिस्कवर.

शोधण्यातही बँडकॅम्प सरस वाटतं. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्याचा सगळा संग्रह उघडतो. स्वतःचे पैसे घालून घेतलेली ती यादी कुठल्याही ऑटोप्लेपेक्षा भरवशाची. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू हे टॅगही रोमन लिपीत टाकून बघा. सोलापूरकराला तिन्ही भाषा कानावरच्या.

दिवसभर दुकानात किंवा कामावर गाणी लावून ठेवायची असतील तर सबस्क्रिप्शन घ्या. पाच-सहा कलाकारांत जीव अडकला असेल तर स्ट्रीमिंगवर जाहिरातींसह फुकट ऐका, आवडलेलं बँडकॅम्पच्या विशलिस्टमध्ये टाका आणि बँडकॅम्प फ्रायडेची वाट पाहा. मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या या ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. तारखा साइटवर आधी जाहीर होतात. फक्त कार्डचा परदेशी व्यवहार गुरुवारीच सुरू करून ठेवा.