वर्गात न विचारलेला प्रश्न: व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम वर्षभर वापरल्यानंतर

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आमच्या वर्गाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ही दोन्ही ॲप्स रोज वापरली. कॉलेजची मुले मेसेजिंग केवळ गप्पांसाठी वापरतात, असे घरी अनेकदा ऐकावे लागते. मला ते मान्य नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून बीड जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या माझ्यासारख्या मुलीला इंग्रजीतून चाललेल्या तासाला हात वर करणे फार अवघड जाते, कारण मनात वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. तोच प्रश्न लिहायचा असला की सवड मिळते, पाठवण्याआधी तो दुरुस्त करता येतो आणि मुख्य म्हणजे आपल्या भाषेत विचारता येतो. आमचा मोजक्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे थर्मोडायनॅमिक्सचे अर्धवट सोडवलेले गणित वहीच्या फोटोसह येते. कोणीतरी चुकलेल्या पायरीभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवते आणि कार्याला ऋण चिन्ह का आले, हे व्हॉइस नोटमध्ये मराठीतून समजावते. ओरलच्या आदल्या रात्री तीच नोट पुन्हा ऐकता येते. शिकवणाऱ्या मैत्रिणीचाही विषय त्यात पक्का होतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या मते विद्यार्थी मेसेजिंगकडे वळतात ते प्रामुख्याने यासाठीच.

संपूर्ण वर्गाच्या ग्रुपचे काम निराळे आहे. सीआरने (वर्गप्रतिनिधीने) टाकलेली सबमिशनची तारीख, रद्द झालेले प्रॅक्टिकल, बदललेली खोली एवढ्यापुरता तो उपयोगी पडतो. फक्त ॲडमिननेच लिहावे अशी सेटिंग ठेवली नाही, तर महत्त्वाची सूचना ‘ओके सर’च्या रांगेत हरवते.

नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका साठवण्यासाठी मात्र मी टेलिग्रामच सुचवेन. फाइल्स क्लाउडवर राहत असल्याने फोन बदलला किंवा भरला तरी त्या जात नाहीत, आणि २ जीबीपर्यंतची फाइल विनाशुल्क पाठवता येते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले सत्र सुरू झाल्यावर दाखल होतात. ग्रुपचा जुना मजकूर नव्या सदस्यांसाठी खुला ठेवला असल्याने आमच्या वर्गात आलेल्या अशा मुलांना पहिल्या तासापासूनच्या नोट्स एकत्र मिळाल्या, कोणाकडे हात पसरावा लागला नाही. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

ओळखीच्या ग्रुपबाहेर मात्र सावध राहावे. परीक्षा जवळ आली की पेपर मिळवून देण्याचा दावा करणारे चॅनेल उगवतात. २०२५ च्या नीट परीक्षेपूर्वी असे दावे करणारे शंभरहून अधिक टेलिग्राम चॅनेल ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या निदर्शनास आले होते. अशा ठिकाणी एक रुपयाही देऊ नये.

मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टेलिग्रामवर आपला फोन नंबर कोणालाच दिसू नये अशी सेटिंग करता येते, त्यामुळे मोठ्या, अनोळखी ग्रुपमध्ये ते अधिक सोयीचे आहे. मात्र टेलिग्रामच्या साध्या संभाषणांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही, अगदी कंपनीलाही मेसेज वाचता येऊ नये अशी सोय, नसते. त्यासाठी दोघांपुरती ‘सिक्रेट चॅट’ स्वतंत्रपणे सुरू करावी लागते, तर व्हॉट्सॲपच्या वैयक्तिक आणि ग्रुप संभाषणांना ते २०१६ पासून आपोआप आहे. म्हणून नोट्स टेलिग्रामवर आणि घरची, तब्येतीची किंवा पैशाची अडचण व्हॉट्सॲपवर, अशी विभागणी आम्ही ठरवून केली आहे आणि पुढच्या वर्षीही तीच ठेवणार आहोत.